पाच मुलींना पाच खोल्या

३ जुलै

जिंकले बाई एकदाची! वसतिगृहातल्या पाचही खोल्या तयार झाल्या. सकाळी सुताराने शेवटच्या दाराला कडी बसवली आणि मी स्वतः उभी राहून ती पुन्हा पुन्हा लावून-उघडून पाहिली. सुतार म्हणाला, "बाई, कडी झिजेल." झिजू दे म्हटलं.

कुलसचिवांनी मार्चपासून नुसता जीव खाल्ला होता. "मॅडम, पहिल्या वर्षाच्या मुलींना स्वतंत्र खोल्या म्हणजे निव्वळ लाड. बाकीच्या दोघी-दोघी राहतात ना?" मी म्हटलं, साहेब, गेल्या वर्षी डोंगरातल्या मुली आल्या, त्यांना शहरातल्या मुलींबरोबर ठेवलं, काय झालं? एकीच्या तेलाचा वास येतो म्हणून तक्रार, एकीच्या बोलण्याची नक्कल, एकीचं पांघरूण गच्चीवर भिरकावून दिलेलं. सहामाहीच्या आत सगळ्यांनी गाशा गुंडाळला. आदिवासी मुली इथे टिकाव्यात म्हणून योजना काढायची, आणि त्यांना डोकं टेकायला धड जागा द्यायची नाही, हे कुठलं शहाणपण? शेवटी कुलगुरूंनी सही केली. कुलसचिवांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

खोलीत काय काय ठेवायचं हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, त्यात काय? माझ्या खोलीत जे आहे तेच ठेवू. माणूस इथून तिथून सारखाच. एक खाट, नवी गादी, पांढरी चादर, उशाशी पाण्याचा तांब्या-भांडं, भिंतीवर एक छोटा दिवा. दिवा संध्याकाळपासून चालू ठेवायचा, अनोळखी जागेत अंधार नको. आणि दारावर नावाची पाटी. पाट्या मी स्वतः रंगवल्या, ऑइल पेंटने, ठसठशीत. मी रेक्टर म्हणून माझ्या खोलीला पाटी असते तर त्यांच्या खोल्यांना का नको? आपण इथल्या आहोत असं वाटलं पाहिजे पोरींना.

घरी येऊन ह्यांना सगळं रंगवून सांगितलं. ह्यांचं आपलं नेहमीचंच, हूं नाही की चूं नाही.

७ जुलै

आल्या! दुपारच्या बसने पाचही जणी. सोबत थोरली होती. ही त्यांच्याच डोंगरातली, आता तिसऱ्या वर्षाला आहे आणि आमच्याकडे टिकलेली एवढी एकच. दोघी मावसबहिणींबरोबर बाहेर एका भाड्याच्या खोलीत दाटीवाटीने राहते. यंदा मी तिलाही स्वतंत्र खोली देऊ केली होती. "नको बाई," एवढंच म्हणाली. गाढवाला गुळाची चव काय, असं तेव्हा मनात आलं होतं.

मुली वऱ्हांड्यात एका ओळीत उभ्या राहिल्या. दार उघडलं तरी आत पाऊल टाकेनात. लाजल्या असतील. किल्ल्या द्यायला हात पुढे केला तर कुणी घेईना. थोरली हळूच म्हणाली, "बाई, तिथे टेबलावर ठेवा, त्या घेतील." ठेवल्या. मग घेतल्या एकेकीने.

त्यातली एक लहानखुरी, काळेभोर डोळे. आवाज असा की गेटवर बोलली तर गच्चीवर ऐकू यावं. बाकीच्या तिला टिटवी म्हणतात. तिने पाटीवरचं आपलं नाव मोठ्याने वाचलं, त्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "बाई, हे पुसता येतं?"

"अगं वेडे, ऑइल पेंट आहे! धुतलंस तरी जायचं नाही."

तिने बोट झटकन मागे घेतलं. प्रवासाने दमलेली दिसली. चेहरा पांढराफटक झाला होता.

११ जुलै

सकाळी फेरी मारली. पाचही खाटांवरच्या चादरींना सुरकुती नाही. तांब्यातलं पाणी भरलं तसंच. रोज इतकं छान आवरतात की काय? आमच्या शहरातल्या भवान्यांना आणून दाखवायला पाहिजे.

१६ जुलै, रविवार

मुलींना घरी चहाला बोलावलं होतं. माझं घर म्हणजे वसतिगृहाच्याच तळमजल्यावर, गेटला लागून असलेल्या दोन खोल्या. आतली खोली बंद असते, मी बाहेरच्याच खोलीत झोपते.

पाचही जणी उंबऱ्यापाशीच बसल्या. "आत या गं, मी काय खाते की काय तुम्हाला?" म्हटलं, तर एकमेकींकडे बघायला लागल्या. फक्त टिटवी आत आली, तीही भिंतीला घासून. माझी खाट पाहिली, तांब्या पाहिला, दिवा पाहिला. दिवसासुद्धा चालूच असतो माझा, बटण बंद करायचं लक्षातच राहत नाही.

"बाई, तुम्ही अशा एकट्या कधीपासून?"

"हे गेल्यापासून. झाली की दोन वर्षं."

"मग तुम्हाला न्यायला कुणी आलं नाही?"

मला हसूच आलं. "मला कोण नेतंय बाई? हा देह उचलायचा म्हणजे चार माणसं लागतील!" एरवी माझ्या ह्या विनोदावर लोक हसतात. ह्या पोरी हसल्या नाहीत. टिटवीच्या डोळ्यांत पाणी आलं. मनाने फार हळवी आहे.

चहाला कुणी शिवलं नाही. बशीतली बिस्किटं उलट माझ्याच पुढे सरकवली, एकेक करून. संस्कार म्हणायचे. आधी मोठ्यांनी खायचं. मी खाल्ली बापडी, त्यांना वाईट वाटायला नको.

गेल्यावर ह्यांना म्हटलं, पाहिलंत, अशा मुली असाव्यात.

२१ जुलै

वॉचमन सांगत होता, दिवेलागणीला दुसऱ्या मजल्यावरून बोलण्याचे आवाज येतात. पाच बंद दारं आणि प्रत्येक दारामागे कुणीतरी कुणाशी तरी बोलतंय. मी म्हटलं, फोनवर बोलत असतील. तो म्हणाला, "बाई, पाचही फोन खाली माझ्या केबिनमध्ये चार्जिंगला आहेत." मी म्हटलं, मग पाठांतर करत असतील. तुला काय त्याचं? तू गेट सांभाळ.

पण स्वतः जाऊन उभी राहिले जिन्यात. खरंच आहे. टिटवीच्या दारामागून तिचा आवाज येत होता, अगदी हळू, आर्जवाने बोलल्यासारखा. ती थांबायची. पलीकडून कुणीतरी उत्तर द्यावं इतका वेळ थांबायची, आणि मग पुन्हा बोलायची.  दार वाजवायला उचललेला हात तसाच खाली घेतला.

असं रिकाम्या खोलीशी बोलणं बरं नाही. समुपदेशकांना कळवायला हवं. ह्यांना विचारलं, कळवू का? मग ठरवलं, आठवडाभर थांबू.

आणखी एक. चार-पाच दिवस झाले, संध्याकाळी माझ्या दारात पानात बांधलेला मूठभर भात ठेवलेला असतो. आधी वाटलं मांजराचे उद्योग. पण मांजर पुडी कशी बांधेल?

२७ जुलै

एक गेली. बुटकी होती ती, सदा घाबरलेली. बाप आला आणि घेऊन गेला. कारण विचारलं तर माझ्याकडे न बघता जमिनीशी बोलला, "झोप नाही पोरीला."

कुलसचिवांना बातमी माझ्याआधी पोचली. आणखी एक जरी गेली तरी पुढच्या वर्षी योजनाच नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. वर म्हणाले, "मॅडम, मी म्हणत होतो." हा माणूस मेल्यावर वर जाऊनही हेच म्हणणार.

योजनेचं जाऊ दे चुलीत. मला चिंता टिटवीची आहे. तिच्या वस्तीवरचे झरे एकामागून एक आटले. जमिनीखालचं पाणी कसं शोधायचं ते शिकून ये, म्हणून सगळ्या वस्तीने तिला पाठवलंय. तिच्याआधी त्या वस्तीतून कुणी इथवर आलेलं नाही. भूगर्भशास्त्राच्या सरांनी मला मुद्दाम थांबवून सांगितलं, "ही मुलगी प्रश्न विचारते तेव्हा मला घरी जाऊन वाचावं लागतं." आणि ही मुलगी दिवसेंदिवस काडी होत चाललीय. डोळ्यांखाली काळं. वर्गात डुलक्या घेते. ती गेली तर मला सहन व्हायचं नाही. लिहूनच ठेवते.

दवाखान्यातली नर्स म्हणते, काही झालेलं नाही, घरची आठवण. सवय होईल. मीही तेच म्हणते आहे. थोरलीने पहिल्याच आठवड्यात मला म्हटलं होतं, "बाई, त्यांना एकटं नका ठेवू." मी म्हटलं, सवय होईल गं.

४ ऑगस्ट

आज जे झालं ते लिहावंसं वाटत नाही, पण लिहिल्याशिवाय चैन पडायचं नाही.

टिटवी सकाळच्या वर्गाला गेली नाही म्हणून वर गेले. दार नुसतं लोटलेलं. खाटेवर चादर डोक्यावरून ओढून कुणीतरी कुशीवर झोपलेलं. मी म्हटलं, "ऊठ गं, दहा वाजले." हालचाल नाही. जवळ गेले. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "बाई, तिला उठवू नका."

टिटवी जमिनीवर बसली होती, भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी धरून.

मग खाटेवर कोण?

 धीर करून चादर ओढली. आत कपडे होते. तिचेच कपडे, एकात एक कोंबलेले, डोकं, खांदे, कंबर, सगळं नीट, आणि वर केसांच्या जागी तिची काळी ओढणी. टिटवी अशी किंचाळली की बाकीच्या धावत आल्या. "तिला उघडी पाडू नका! मी तिला आणलंय झोपायला! ती आहे म्हणून मी नाही त्या खाटेवर!"

मी चादर पुन्हा घातली. नीट खोचलीसुद्धा. का, ते मला सांगता येणार नाही. हात आपोआप तसे चालले. खाली येऊन बराच वेळ पाणी पीत बसले. भीती वाटली मला. भुताखेतांची नाही, मी असल्या गोष्टी मानत नाही. ते चादरीखालचं जे होतं ते इतकं माणसासारखं होतं आणि त्याच्या शेजारी कुणीच नव्हतं, त्याची भीती वाटली.

६ ऑगस्ट, रविवार

नणंदेचा फोन. दर रविवारी करते. "वहिनी, दादाच्या खोलीचं काय केलंत? उघडलीत का?" मी म्हटलं, वेळ कुठे मिळतो? मुलींचं हे असं चाललंय. मग ती तिच्या सुनेची गाऱ्हाणी सांगत बसली, तेव्हा कुठे मला बरं वाटलं.

भाताची पुडी आजही होती. थोडा खाल्ला. चव बरी आहे.

१८ ऑगस्ट

टिटवीची आत्या आली. आई लहानपणीच गेलेली, आत्यानेच वाढवलं. पोरगी खंगत चाललीय असा निरोप गेला होता. आत्या एवढीशी, वाळलेली, पाठीत वाकलेली, पण पायांत काय जोर! थोरलीला दुभाषी म्हणून बोलावून घेतलं. गेटवर माझी ओळख करून दिली तर आत्याने मान खाली घातली, कनवटीतून चिमूटभर तांदूळ काढले आणि माझ्या पायांपुढे जमिनीवर ठेवले. मला वाटलं, नमस्काराची पद्धत असेल. मी आपले हात जोडले.

वर नेलं. मोठ्या हौसेने नेलं, मूर्खासारखं. म्हटलं, बघू दे म्हातारीला, भाचीची केवढी बडदास्त ठेवलीय. आत्याने दारावरची पाटी पाहिली. थोरलीला विचारलं, काय लिहिलंय? थोरलीने नाव सांगितलं. आत्याने आत पाहिलं. खाट, पांढरी चादर, तांब्या, चालू दिवा.

आणि तिने हंबरडा फोडला.

असं रडणं मी ह्यांच्या वेळीही ऐकलं नव्हतं. ती दारातच बसली आणि टिटवीचं नाव घेऊन, लांब सुरात, जमिनीवर हात आपटत रडायला लागली. टिटवी तिच्या पुढ्यात उभी होती, जिवंत, हातभर अंतरावर, "आत्या, आत्या" म्हणत. आत्या तिच्याकडे बघत नव्हती. तिच्यामधून पलीकडे बघत होती. बाकीच्या तिघी पोरी भिंतीला तोंड करून उभ्या राहिल्या. सगळ्या मजल्यावरच्या मुली दारं उघडून बाहेर आल्या. मी "अहो, अहो, ती ही काय समोर आहे" म्हणत मध्ये नाचत होते. मला कुणी विचारत नव्हतं.

ती उठली आणि मागे न बघता चालू लागली. आली त्या बसने परत गेली. भाचीला शिवलीसुद्धा नाही.

मग थोरलीने मला जिन्यावर बसवलं आणि सांगितलं. त्यांच्यात जिवंत माणूस कधी एकटं झोपत नाही. तान्हं पोर नाही, म्हातारं नाही, आजारी नाही, अगदी भांडण झालेलं माणूससुद्धा नाही. एकटं झोपतं ते फक्त मेलेलं माणूस. कुणी गेलं की वस्तीच्या कडेला त्याच्यासाठी एक झोपडी बांधतात. आत एकच खाट, धुतलेलं अंथरूण, उशाशी पाणी, एक दिवा न विझणारा. दारावर त्याची खूण, म्हणजे आपण कोण होतो हे त्याने विसरू नये. त्याच्या हातून काही घ्यायचं नसतं. त्याच्यासमोर खायचं नसतं, पण त्याला रोज घास द्यायचा असतो. आणि तू गेलास, असं त्याला कधीही सांगायचं नसतं, कारण ते त्याला माहीत नसतं.

मी हे सगळं ऐकत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे माझा ब्रश फिरत होता. ऑइल पेंट. ठसठशीत. धुतलंस तरी जायचं नाही!

"तू आधी का नाही गं बोललीस?" मी ओरडलेच तिच्यावर.

"बोलले होते, बाई. आणि मला वाटलं, शिकलेल्या मुली आहेत, माझ्यासारखं त्यांचंही जाईल हळूहळू. मला आता तसं काही वाटत नाही." पायरीवरची धूळ बोटाने पुसत म्हणाली, "म्हणजे दिवसा वाटत नाही."

मग म्हणाली, "आणि बाई, त्या तुम्हालाही..."

"मला काय?"

"काही नाही. तुम्ही चांगल्या आहात असं त्या म्हणतात. त्रास देत नाही कुणाला."

एवढा घोळ घालूनही पोरी माझ्याबद्दल चांगलंच बोलतात. मला भरून आलं.

१९ ऑगस्ट

कुलसचिवांकडे गेले. म्हटलं, माझं चुकलं, ह्या चौघींना एका खोलीत राहू द्या. तर म्हणे, मंजुरी स्वतंत्र खोल्यांची आहे, वर्षाच्या मध्ये बदल होत नाही, आणि ती मंजुरी तुम्हीच भांडून आणलीत मॅडम. आपलेच दात आपलेच ओठ. बोलणार काय? उठले, घरून स्क्रूड्रायव्हर आणला आणि चारही पाट्या उखडून काढल्या. स्क्रू गंजलेले नव्हते, तरी हात सोलवटला.

संध्याकाळी नणंदेला फोन लावला, रविवार नसताना. सगळं सांगितलं. "ऐकावं ते नवल! एकटं माणूस, दारावर नाव, उशाशी तांब्या आणि जळता दिवा. म्हणजे त्यांच्या लेखी ते मेलेलं! आणि त्याला बिचाऱ्याला ठाऊकही नसतं म्हणे."

पलीकडून काहीच आवाज नाही. मला वाटलं लाइन तुटली. मग म्हणाली, "वहिनी, तुम्ही इकडे येऊन राहता का थोडे दिवस?" मी म्हटलं, आत्ता? ह्या पोरींना सोडून? सर्दी झाली होती वाटतं तिला, आवाज जड येत होता.

२१ ऑगस्ट

टिटवी निघाली. पिशवी भरून बसली आहे. कुठे जाणार, विचारलं तर म्हणाली, "माहीत नाही. घरी मला आता कुणी बघणार नाही. इथेही मी नाही." हे तिने इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मी धास्तावले. असं बोलणारी मुलगी बसमध्ये बसली तर कुठल्या थांब्यावर उतरेल? मी तिची पिशवी उचलून माझ्या कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. म्हटलं, जा आता कशी जातेस ते.

थोरलीला बोलावलं. "मेलेलं माणूस परत आणायची काही रीत असेलच ना तुमच्यात? चुकून कुणी धरलं गेलं तर?"

"आहे," ती म्हणाली. "जंगलात चुकलेलं माणूस खूप दिवसांनी आलं की करतात. सगळ्यांनी एका खोलीत झोपायचं, त्याला मध्ये घेऊन. उजाडल्यावर त्याला घरच्या नावाने हाका मारायच्या. तिसऱ्या हाकेच्या आत त्याने ओ दिली, तर ते आपल्यातलं. मग वस्तीलाही मानावं लागतं."

"आणि नाही दिली तर?"

"तर कुणी पुन्हा हाक मारत नाही."

मी म्हटलं, करू. खालचा कॅरमचा हॉल मोठा आहे, किल्ली माझ्याकडे आहे, कुलसचिव गेले खड्ड्यात.

टिटवीने आमच्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी तिचा खरा आवाज निघाला, गेटपासून गच्चीपर्यंतचा. "बाई झोपणार असतील तर मी करेन. नाही तर नाही."

"मी कशाला गं? मी घोरते."

"तुम्ही नसाल तर मी पण नाही."

पोरीला आधार हवाय, दुसरं काय? आईविना वाढलेली. तिचं मन राखायला हो म्हटलं.

२३ ऑगस्ट

आज आम्ही हॉलमध्ये झोपणार. चारही गाद्या पोरींनी खाली आणल्या, थोरली तिची सतरंजी आणि दोघी मावसबहिणींना घेऊन आली. कॅरमबोर्ड भिंतीला लावून उभा केला. वॉचमन तोंड वासून बघत होता, त्याला म्हटलं, कुणी विचारलं तर सांग, बाई वेड्या झाल्यात.

माझी गादी टिटवीने घातली. मधोमध. "अगं, मध्ये तू हवीस. मला दाराशी बरं, गुडघे धरतात, उठावं लागतं." ऐकेना. "मीही मध्येच आहे, तुमच्या शेजारी." एकीच्या भोवती जागा कमी पडते की काय म्हणून दोघी मध्ये, असं असेल.

थोरलीने घरचा दिवा बंद करून यायला सांगितलं. मी म्हटलं, राहू दे की, बिल विद्यापीठ भरतं. "नाही बाई, बंद करा." गेले. बटणावर हात ठेवला आणि पुढे काही होईना. ह्यांना म्हटलं, एकच रात्र, उद्या लावते. अंधार झाल्यावर खोली कुणा परक्याची असावी तशी दिसायला लागली. मी जवळजवळ पळतच बाहेर आले.

टिटवीने विचारलं, "लहानपणी तुम्हाला घरी काय म्हणायचे?" सांगितलं. हसली. मी म्हटलं, ते नाव घेणारं आता कुणी उरलं नाही. हे घ्यायचे, चेष्टेत. इथे लिहीत नाही. माझंच मला लाजल्यासारखं होतंय.

वही मिटते. जेवणाची घंटा झाली.

२४ ऑगस्ट

हॉलमध्येच बसून लिहिते आहे. मुली आवरायला गेल्यात.

लागली की झोप! आडवी झाले ती एकदम उजाडल्यावरच डोळे उघडले. दोन वर्षांत अशी झोप लागली नव्हती. एका बाजूने टिटवीचा श्वास लागत होता, दुसऱ्या बाजूने थोरलीचं कोपर बरगडीत. माणसाच्या अंगाला इतकी ऊब असते हे मी विसरून गेले होते.

त्या सगळ्या आधीच उठून बसल्या होत्या. हाका सुरू झाल्या. चौघींतली लांब वेणीवाली पहिली. पहिल्याच हाकेला ओ. मग दुसऱ्या दोघी. मग टिटवी. तिला सगळ्यांनी मिळून हाक मारली. मी तर घसा फोडून मारली, हिने ओ दिली नाही तर काय करू? तिने अशी ओ दिली की बाहेर वॉचमनच्या हातातला चहा सांडला. लगेच सगळ्या तिच्या गळ्यात पडल्या. थोरलीने तिथूनच वस्तीवर फोन लावला. आत्याला बोलावलं. आत्याने फोनवर हाक मारली, टिटवीने पुन्हा ओ दिली, आणि पलीकडे म्हातारी हसते की रडते तेच कळेना. राहणार माझी टिटवी. आजच्या वर्गालाही जाणार आहे. मला इतका आनंद झाला की कुलसचिव समोर असते तर त्यांनाही चहा पाजला असता.

झालं म्हणून मी चादर घडी करायला घेतली. तर थोरलीने माझ्या हातावर हात ठेवला. सगळ्या उठून माझ्या गादीभोवती येऊन बसल्या, जवळ, गुडघ्याला गुडघा लावून. आणि टिटवीने मला हाक मारली. त्या नावाने.

मी म्हटलं, माझी कशाला? पण ते म्हणायला तोंड उघडलं तर आवाजच आला नाही. काय झालं ठाऊक नाही. समोर त्यांचे चेहरे दिसत होते, आणि फार लांबून दिसत होते, विहिरीच्या तळातून वर बघावं तसे. तिने दुसरी हाक मारली. मला ऐकू येत होतं. पण हे कुणाला तरी दुसऱ्यालाच बोलावतायत, त्या बाईने उठावं, मला पडून राहू द्यावं, असं वाटत होतं. खरंच वाटलं तसं. घरी अंधारात हे वाट बघत असतील, दिवा लावायला जायला हवं, असंही वाटलं.

पोरी रडायला लागल्या होत्या. टिटवीने माझे दोन्ही खांदे धरले आणि तिसरी हाक मारली, भांडल्यासारखी, कानाचे पडदे फाटतील अशी.

मी ओ दिली.

केवढ्याने रडल्या मग सगळ्या! कुणी माझे हात धरतंय, कुणी केस सारखे करतंय, टिटवीने तर मला अशी मिठी मारली की बरगड्या मोडतील. मी म्हटलं, अगं हो हो, एवढं रडायला काय झालं? मी इथेच तर होते.